आत मागून, बाहेर पुढून

विद्यापीठाच्या आवारात मी कित्येक वर्षं येत होते, पण मागच्या फाटकाने. ते फाटक वसतिगृहांच्या मेसकडे जातं. माझी गाडी तिथून आत शिरायची, आलू, वांगी, पत्ताकोबी उतरवायची, वरून सांबाराच्या जुड्या टाकायची (पुण्याकडचे लोक ज्याला कोथिंबीर म्हणतात तो सांबार) आणि तिथूनच बाहेर पडायची. पुढच्या बाजूला दगडी पायऱ्यांचं ग्रंथालय आहे हे मला माहीत होतं. पण भाजीच्या गाडीचं तिकडे काय काम, म्हणून पाहणंही होत नव्हतं.

माझं माहेर चांदूर बाजारकडचं. घरी भाजीपाल्याचंच काम. लग्न होऊन अकोल्याला जठारपेठेत आले. नवऱ्याचं ब्लाउजपीस आणि फॉलचं मॅचिंग सेंटर होतं, अजून आहे. त्याच्या दुकानाच्या पायरीवर मी मेथीची टोपली घेऊन बसले तेव्हा सासरच्या लोकांनी दोन दिवस माझ्याशी बोलणं टाकलं. तिथून आजपर्यंतची गोष्ट लांब आहे आणि ती सांगायला मी बसलेले नाही. एवढंच सांगते की आज अमरावतीत माझं स्वतःचं गोदाम आहे, दोन गाड्या आहेत आणि आवाराभोवतीच्या बहुतेक मेसना माझी भाजी जाते. आठवडाभर मी गोदामामागच्या खोलीत राहते, शनिवारी अकोल्याला घरी जाते. भाव करणं हे माझं काम आहे आणि स्वभावही. राग हा नुसता स्वभाव आहे, त्याचा धंद्याला काही उपयोग झालेला नाही.

बी.ए. मी मुक्त विद्यापीठातून केलं, पहाटेच्या हर्रासीला, म्हणजे भाजीच्या लिलावाला, जाताना गाडीत वाचून. एम.ए.साठी अर्थशास्त्र घेतलं आणि इथे बहिःस्थ विद्यार्थी म्हणून नाव घातलं. बहिःस्थ म्हणजे फी भरायची, परीक्षा द्यायची, वर्गात बसायचं नाही. मला ते सोयीचं होतं. पण शेवटच्या वर्षी कळलं की अभ्यासक्रम बदलतोय आणि जुन्या अभ्यासक्रमाची ही शेवटची परीक्षा. यात राहिलं तर पुढच्या वेळी सगळे पेपर नव्याने. माझ्या वयाला सगळे पेपर नव्याने म्हणजे सोडूनच देणं.

म्हणून मी ग्रंथालयात जायला लागले. मला लागणारी जाडी पुस्तकं संदर्भ विभागात होती. ती तिथेच बसून वाचायची, घरी न्यायची सोय नव्हती. आणि दुसरं कारण असं की वाचनकक्षात फोन बंद ठेवावा लागे. दिवसभरात माझा फोन मेसवाले, शेतकरी, हमाल, ड्रायव्हर यांच्यासाठी वाजत राहतो, आणि उचलला की पलीकडचा माणूस हॅलोच्या आधी भाव विचारतो. त्या एका खोलीत मला कोणी भाव विचारत नसे. हर्रासी आटोपून, अंघोळ करून, धुतलेलं लुगडं नेसून मी तिथे जायची आणि दुपारपर्यंत बसायची. परिपूर्ण स्पर्धेच्या प्रकरणात लिहिलं होतं की बाजारात प्रत्येकाला प्रत्येक भाव ठाऊक असतो असं गृहीत धरावं. मी पेन्सिल खाली ठेवून बराच वेळ हसले होते. समोरची मुलगी म्हणाली, "काय झालं वो काकू?" मी म्हटलं, "काई नाई. ज्यानं हे लिहिलं त्याले एकदा सकाळी बाजारात नेलं पाह्यजे."

त्या वाचनकक्षात एक पद्धत होती. एस.टी.त जागा धरायला खिडकीतून रुमाल टाकतात, तसाच इथे खुर्चीवर रुमाल टाकायचा आणि खुशाल चहाला जायचं. परत आलं की जागा तुमची. माझ्यादेखत तिथून लोकांचे पेन गेले, पाण्याच्या बाटल्या गेल्या, एकदा छत्री गेली. पण कुणाचा रुमाल उचलून कुणी बसलं असं कधी झालं नाही. मीही निळ्या चौकटीचा एक रुमाल त्यासाठीच ठेवला होता. शेवटच्या ओळीतली, संदर्भाच्या कपाटाजवळची खुर्ची माझी, हे सगळ्यांना माहीत होतं.

मग एका दिवशी सूचनाफलकावर कागद लागला. वर लिहिलं होतं, ग्रंथालय सेवांचे अद्ययावतीकरण. मी बाजारातला माणूस. नवा नियम वाचताना मी तो कोणाच्या फायद्याचा आहे हे नंतर पाहते, आधी कोणाचं जातंय ते पाहते. कागदावर पुष्कळ काही होतं. पुस्तक परत करायला आता भिंतीतली पेटी, देवघेवीला स्वतः हाताळायचं यंत्र, नियतकालिकं घरबसल्या मोबाइलवर. हे सगळं चांगलंच होतं. मग खाली होतं की पुढच्या सोमवारपासून प्रवेश नव्या कार्डाने, आणि वाचनकक्षातली जागा आदल्या दिवशी मोबाइल ॲपवर राखून ठेवायची. जागेवर पोचलं की टेबलावर चिकटवलेला क्यूआर कोड स्कॅन करायचा, म्हणजे जागा पक्की. रुमाल, पुस्तके अथवा अन्य वस्तू ठेवून जागा अडवू नये. आणि अगदी तळाशी, बारीक अक्षरात होतं की कार्डासाठी विद्यापीठाने दिलेला ईमेल आवश्यक.

बहिःस्थ विद्यार्थ्यांना विद्यापीठ ईमेल देत नाही.

सोमवारी मी गेले तर दाराशी काचेची दोन फाटकं उभी होती, कमरेएवढी. एक आत जायला, एक बाहेर यायला. मुलं कार्ड टेकवत होती, काच बाजूला होत होती आणि पडद्यावर ज्याचं कार्ड त्याचं नाव घेऊन स्वागत येत होतं. मी माझं जुनं पुठ्ठ्याचं ओळखपत्र टेकवून पाहिलं. काच हलली नाही. बाजूला खुर्चीवर गार्ड बसला होता. त्याने मला नीट पाहिलं आणि त्याला ओळख पटली. पण त्याची ओळख मेसची होती.

"मावशी, भाजी मागच्या गेटनं," तो म्हणाला. "हे लायब्ररी हाय."

"मले दिसून राहिलं लायब्ररी हाय थे," मी म्हटलं. "मी भाजी आणली कुठं? हातात काय हाय माह्या?"

"पुस्तक हाय."

"मंग पुस्तक घेऊन मी मेसमंदी जाऊ का?"

मागे रांग झाली होती. मुलं हसायला लागली. माझा आवाज चढला. आतल्या पडद्यावर मोठ्या अक्षरात होतं, सर्व जागा भरल्या आहेत. आणि काचेतून मला वाचनकक्ष दिसत होता. अर्ध्याहून जास्त खुर्च्या रिकाम्या. माझी खुर्चीही रिकामी. तिच्यावर कुणाचा रुमालही नव्हता. मी गार्डला ते दाखवलं. तो मान न वळवता म्हणाला, "मशीन म्हणते भरेल हाय, तं भरेल हाय."

एवढ्यात ग्रंथपाल बाई बाहेर आल्या. वयाने माझ्याएवढ्याच, आवाज एकदम खाली. मी त्यांना तोवर लांबूनच पाहिलं होतं. त्या जवळ येऊन म्हणाल्या, "ताई, इथे नको. तुम्ही जरा मागच्या बाजूने या, मी सांगते."

मागच्या बाजूने, हे शब्द ऐकले आणि पुढचं काही मी ऐकलंच नाही. म्हटलं, "मागच्या बाजूनं कावून? मी फी पुढून भरली. खिडकीवर उभी राहून भरली." आणि पायऱ्या उतरून चालू पडले. त्या मागून काहीतरी बोलत होत्या. मी वळून पाहिलं नाही. गाडीत बसल्यावर ड्रायव्हरने विचारलं, "काय झालं बाई?" मी त्याला त्याच्या टायरमधल्या हवेवरून झापलं.

ती रिकामी खुर्ची मात्र डोक्यातून जाईना. भाजीबाजारात माल नसताना भाव चढतो हे समजतं. माल समोर दिसत असताना नाही म्हणणारा माणूस एकतर साठा करून बसलेला असतो, नाहीतर कोणीतरी त्याला फसवत असतं. इथे कोण कोणाला फसवत होतं ते मला कळायला हवं होतं.

ते मला दोन दिवसांनी मुलींच्या वसतिगृहाच्या मेसमध्ये कळलं. मी हिशेबासाठी गेले होते. परिपूर्ण स्पर्धेवर हसताना समोर बसलेली तीच मुलगी पोहे खात होती. धारणीकडची, रसायनशास्त्राची. खाता खाता तिने मोबाइल काढला, मैत्रिणीच्या मोबाइलवरच्या एका फोटोवर धरला आणि म्हणाली, "झालं. मी लायब्ररीत बसली."

मी म्हटलं, "तू तं पोहे खाऊन राहिली."

"पोहे खाता खाता बसली नं काकू." ती हसली. मग तिने मला समजावून सांगितलं. पहिल्याच दिवशी कोणीतरी सगळ्या टेबलांवरच्या क्यूआर कोडचे फोटो काढून ठेवले होते. आता ते फोटो सगळ्या वसतिगृहांत फिरत होते. आदल्या दिवशी जागा राखायची, सकाळी अंथरुणातूनच फोटो स्कॅन करायचा, मग जमलं तर जायचं, नाही तर नाही.

म्हणजे रुमाल टाकायची बंदी झाली तर या पोरांनी तो मोबाइलमधून टाकायला सुरुवात केली होती. फरक एवढाच की खरा रुमाल टाकायला निदान खुर्चीपर्यंत जावं लागत असे.

"तुमी येऊन नाई राहिल्या आता," ती म्हणाली. "तुमची जागा खालीच असते."

मी तिला कार्डाचं सांगितलं. ती दुसऱ्या दिवशी गावाला निघाली होती, आठेक दिवसांसाठी. धारणीच्या पुढे तिच्या गावात जीप जाते पण नेटवर्क जात नाही, त्यामुळे तिथून तिला जागा राखता येणार नव्हती. "माहं कार्ड अन् पासवर्ड तुमाले देतो," ती म्हणाली. "पण माही एक अट हाय."

मी सरसावून बसले. इतकी वर्षं लोकांच्या अटी घासाघीस करून खाली आणत आले होते.

"आठ दिवस मेसमंदी पत्ताकोबी नाई आली पाह्यजे. मी नसली तरी चालते. बाकीच्या पोरी दुवा देतीन."

"आठ दिवस जमत नाई. पत्ताकोबी मेसवाला मागते, मी नाई पाठवत. त्याले थेच स्वस्त पडते."

"मंग कार्ड नाई."

"चार दिवस. अन् दोन दिवस वांगे, भरताचे."

"सहा दिवस. अन् भरताचे वांगे ताजे पाह्यजे, मऊ पडेल नाई चालत."

पाच दिवसांवर सौदा ठरला. मी त्या पोरीला मनातल्या मनात गोदामावर नोकरी देऊन टाकली.

तर अशी मी समोरच्या फाटकातून आत गेले. कार्ड टेकवलं, काच सरकली, पडद्याने त्या मुलीचं नाव घेऊन माझं स्वागत केलं. गार्डने माझ्याकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं. यंत्र स्वागत म्हणतंय म्हटल्यावर त्याने मान मागच्या रांगेकडे वळवली. मी माझ्या खुर्चीवर बसले आणि त्या आठवड्यात माझं जेवढं वाचून झालं तेवढं आधीच्या महिन्यात झालं नव्हतं. एक मात्र होतं. रोज आत शिरताना त्या पडद्यावरचं नाव मी वाचायची आणि ते खुपायचं. मेसमध्ये नाव नसताना मला सगळे ओळखत होते. इथे नाव होतं, पण दुसरीचं.

पुढच्या आठवड्यातल्या शुक्रवारी दुपारी ग्रंथपाल बाई हातात टॅब घेऊन ओळींमधून फिरायला लागल्या. प्रत्येक खुर्चीपाशी थांबत, टॅबवर पाहत, पुढे जात. बहुतेक खुर्च्या रिकाम्याच असल्याने त्या लवकर माझ्यापाशी पोचल्या. टॅबवर त्या मुलीचा फोटो होता, दोन वेण्या घातलेला.

"हा फोटो तुमचा?" त्यांनी विचारलं.

"जुना हाय," मी म्हटलं.

त्या हसल्या नाहीत. पण ओठ आत घेतले आणि टॅब छातीशी धरला. म्हणाल्या, "माझ्या खोलीत या."

खोलीत जाईपर्यंत मी माझा सौदा मांडून ठेवला होता. माझ्याकडे विकायला माल होता. क्यूआर कोडची सगळी हकीकत मला माहीत होती आणि यांना ती माहीत नसणार, नाहीतर पडद्यावर भरलंय आणि खुर्च्या रिकाम्या असं चाललंच नसतं. मी ती हकीकत देणार होते, पोरांची नावं वगळून. बदल्यात दोन गोष्टी मागणार होते. त्या मुलीला काही करू नये, आणि मला परीक्षेपर्यंत बसू द्यावं.

"पोरीले काई करू नका," मी बसता बसताच म्हटलं. "जे करायचं थे माह्यावर करा."

"तुमच्यावर काय करणार?" त्या म्हणाल्या. "तुम्ही यादीतच नाही."

मी दुसरा माल काढला. "तुमच्या त्या मशीनले पोरं कशी बनवून राहिले, सांगू का?"

"क्यूआर कोडचे फोटो," त्या म्हणाल्या. "मला दुसऱ्या दिवसापासून माहीत आहे."

बाजारात मी बरेचदा पडले आहे, पण इतकी लवकर नाही. मी विचारलं, "माहीत हाय, मंग बंद कावून नाई करत?"

त्यांनी पाणी पुढे केलं. मग जे सांगितलं ते त्यांच्या त्या खालच्या आवाजात. यंत्र बसवणाऱ्या कंपनीचा माणूस रोज वर अहवाल पाठवत होता की सगळ्या जागा भरताहेत, आणि वरचे खूश होते. खुर्च्या रिकाम्या असतात असं त्यांनी कळवलं असतं तर पुढचा उपाय तयारच होता, दाराशी चेहरा पाहणारं यंत्र. ते एकदा बसलं की यादीबाहेरचा माणूस कोणत्याच दाराने येऊ शकला नसता. बहिःस्थ विद्यार्थ्यांची नावं यादीत घालावी म्हणून त्यांनी लिहून दिलं होतं, पण ते कागद परीक्षा विभागाकडून यायचे होते आणि ते यायचे तेव्हा येणार होते. तोवर त्यांनी एक करून ठेवलं होतं. मागच्या बाजूला, वर्तमानपत्रांचे गठ्ठे उतरवतात तिथे एक दार आहे. तिथे पाहुण्यांच्या नोंदीची वही असते. बहिःस्थ विद्यार्थ्यांनी वहीत नाव लिहायचं आणि आत येऊन बसायचं. खुर्च्या रिकाम्या असतातच.

"बाकीचे सगळे त्या पहिल्या सोमवारपासून येताहेत," त्या म्हणाल्या. "तुम्हालाही त्याच दिवशी सांगत होते. मागच्या बाजूने या म्हटलं तर तुम्ही निघून गेलात."

मी पाणी प्यायले नाही. राग मला त्यांचा नव्हता आला, खरं तर कोणाचा आला होता ते अजून नीट सांगता येत नाही. मी म्हटलं, "बाई, तुमी चांगलं केलं. पण मी मागच्या दारानं नाई येणार."

"का?"

"या आवारात मी आजलोक मागच्या फाटकानंच आली. भाजी घेऊन. पुस्तक घेऊन बी मागूनच यायचं असन, तं मंग मी शिकली कायले?"

त्यांनी टॅब टेबलावर ठेवला. मग म्हणाल्या, "दार कुठलंही असलं तरी खुर्ची तीच आहे."

"तुमच्यासाठी," मी म्हटलं, मुलीचं कार्ड त्यांच्या टेबलावर ठेवलं आणि ती परत आली की तिलाच द्या असं सांगून निघाले. त्यांनी तिला दिलंही, एक शब्द न बोलता. हे मला नंतर कळलं.

दुसऱ्या दिवशी शनिवार होता. सकाळीच मी अकोल्याची गाडी धरली, अर्थशास्त्राची माझी स्वतःची दोन पुस्तकं पिशवीत घालून. ठरवलं की परीक्षेपर्यंत घरीच वाचायचं, हर्रासीला मुनीम जाईल. रविवारी सकाळी मी जठारपेठेतल्या आमच्या घरी, दुकानावरच्या खोलीत, फोन बंद करून बसले. खाली एक बाई चटणी रंगाच्या साडीला फॉल मागत होती. नवरा एकेक फॉल काढत होता आणि ती हा नाही, हा नाही म्हणत होती. मी प्रकरण उघडलं. ती बाई भावावर आली. नवऱ्याने पहिल्याच फटक्यात भाव पाडला. मी पुस्तक ठेवलं आणि जिन्यावरून ओरडले, "अहो, तेवढ्यात देऊ नका." मग शेजारचे आले, मी घरी दिसले म्हणून. मग ड्रायव्हरचा फोन नवऱ्याच्या फोनवर आला. संध्याकाळपर्यंत माझी दोन पानं झाली, त्यातलं एक आधीच वाचलेलं होतं.

रात्रीच्या जेवणाला मी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो शांत माणूस आहे, त्याचा धंदा त्यामुळेच वाढला नाही. त्याने भाकरी मोडली आणि म्हणाला, "तू एवढी सौदेवाली. मागचं दार ते सांगतात, पुढचं दार तू सांगतेस. मधला भाव नाही का काही?"

मी म्हटलं, "दाराचा मधला भाव कसा असतो? खिडकी का?"

पण सोमवारी पहाटे मूर्तिजापूरपर्यंत मी त्यावरच विचार केला, आणि बडनेऱ्याला उतरेपर्यंत मला तो सापडला होता.

हर्रासीला मुनीम गेला होता. मी सरळ ग्रंथालयाच्या मागच्या दाराशी गेले. ग्रंथपाल बाई तिथेच होत्या, वर्तमानपत्रं मोजून घेत होत्या. मला पाहून त्यांनी वही पुढे केली.

"थांबा," मी म्हटलं. "आत मागून येईन. पण बाहेर पुढून जाईन."

त्यांनी हातातला गठ्ठा खाली ठेवला. "बाहेर जायच्या फाटकाला कार्ड लागत नाही. ढकललं की उघडतं."

"मले माहीत हाय. मी पाहून ठेवलं."

"मग मला कशाला विचारता?"

"विचारून केलं तं सौदा होते. न विचारता केलं तं चोरी."

या वेळी त्या हसल्या. पेन दिलं. मी वहीत माझं नाव लिहिलं, पूर्ण, वडिलांच्या आणि नवऱ्याच्याही नावासकट, दोन ओळी घेऊन. आत गेले, कपाटाजवळच्या माझ्या खुर्चीवर बसले आणि दुपारपर्यंत उठले नाही. मग पुस्तक कपाटात ठेवलं, पदर नीट केला आणि मधल्या वाटेने चालत पुढच्या दाराशी आले. काच ढकलली. ती बाजूला झाली. पडद्यावर आलं, धन्यवाद, पुन्हा भेट द्या. कुणाचंच नाव नव्हतं, आणि मला ते चाललं.

गार्ड उठून उभा राहिला. "मावशी, तुमी आत कवा गेल्या?"

"गेलीच नाई," मी म्हटलं आणि दगडी पायऱ्या सावकाश उतरले.

मग तेच रोजचं झालं. मागून आत, पुढून बाहेर. काही दिवसांनी गार्डने विचारणं सोडलं आणि मावशीची मॅडम केली. चेष्टेने केली की मनापासून, ते मी तपासलं नाही. धारणीची मुलगी परत आली, आणि पाच दिवस पत्ताकोबी खरंच आली नव्हती ना, हे तिने मैत्रिणींना विचारून पक्कं करून घेतलं. ती आता रोज खरोखर येऊन बसायची. माझ्या शेजारची खुर्ची राखायची आणि चहाला जाताना सवयीने तिच्यावर रुमालही टाकायची. कुणी तो उचलत नव्हतं.

परीक्षा जवळ आली तशी एकदा ग्रंथपाल बाई माझ्याजवळ आल्या आणि वाकून म्हणाल्या, "तुमच्यामुळे माझी पंचाईत झालीय." त्यांनी टॅब दाखवला. ते यंत्र आत येणारे मोजतं, बाहेर जाणारे मोजतं आणि आत किती उरले ते सांगतं. मागून येणारे बाकीचे विद्यार्थी मागूनच जात, म्हणून त्यांचा त्या मोजणीशी संबंध नव्हता. माझा होता. रोज संध्याकाळी सगळे गेले, दिवे बंद झाले, की यंत्र सांगायचं, आत उणे एक माणूस आहे.

"कंपनीचा माणूस येऊन गेला," त्या म्हणाल्या. "त्याने फाटक उघडलं, आतली काच कापडाने पुसली आणि धूळ होती म्हणाला."

"मंग?"

"मग काय. दुसऱ्या दिवशी परत उणे एक."

आम्ही दोघी वाचनकक्षात होतो, त्यामुळे मोठ्याने हसता आलं नाही. त्यांना डोळे पुसावे लागले.

परीक्षा झाली. पेपर बरे गेले. परिपूर्ण स्पर्धेवर प्रश्न आला होता, मी पुस्तकात आहे तसंच लिहिलं, माझं मत लिहिलं नाही. निकाल अजून यायचा आहे. मधल्या काळात परीक्षा विभागाचे कागद एकदाचे हलले आणि फलकावर नवीन सूचना लागली. पुढील सत्रापासून बहिःस्थ विद्यार्थ्यांनाही प्रवेश कार्ड मिळेल. ग्रंथपाल बाईंनीच मला बोलावून ती दाखवली. त्यांच्या चेहऱ्यावर आनंद होता आणि तो त्यांच्या हक्काचा होता. मी खिडकीवर गेले आणि माझं कार्ड मागितलं. तिथल्या बाबूने संगणकात पाहिलं आणि म्हणाला, "तुमचं तं झालं नं मॅडम. तुमी शेवटच्या वर्षाच्या. हे नव्या लोकायसाठी हाय."

मी तिथे काहीच बोलले नाही, हे ऐकून नवऱ्याला काळजी वाटली. त्याने फोनवर दोनदा विचारलं, तब्येत बरी आहे ना. बरी होती. मी त्याच खिडकीवरून समाजशास्त्राच्या एम.ए.चा बहिःस्थ अर्ज घेतला होता आणि गोदामात बसून भरला होता.

"एका कार्डासाठी दोन वर्षं?" तो म्हणाला.

"समाजशास्त्र मले आवडते."

"कधीपासून?"

मी फोन ठेवला. अर्ज भरल्यावर, ग्रंथालयाचं काही देणं नाही अशी सही घ्यायला ग्रंथपाल बाईंकडे गेले. त्यांनी वरचं पान पाहिलं, खालचं पान पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि शिक्का मारला. मग म्हणाल्या, "सत्र सुरू व्हायला वेळ आहे. तोपर्यंत?"

"तोपर्यंत ठरलं तेच," मी म्हटलं आणि समाजशास्त्राचं कपाट कुठे आहे ते विचारलं. ते पहिल्या ओळीत निघालं, दाराच्या अगदी जवळ. तिथे बसलं की आत येणाऱ्या प्रत्येकाचं नाव पडद्यावर दिसतं. मी दुपारपर्यंत वाचत बसले आणि मग पुढून बाहेर पडले.